हरवलेलं, पुरलेलं, सापडलेलं

हळदीत निंदणी चालू असताना घरातल्या सुनेच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला. काळे मणी सरीत सांडले, ते बायकांनी वेचले. दोन वाट्यांपैकी एक पदरातच अडकून राहिली होती, दुसरी मात्र दिसेना. सासूबाईंनी चाळणी आणली, जाऊबाईंनी सूप आणलं. ज्या सरीत दोरा तुटला ती सरी या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं चाळून झाली. वाटी काही सापडली नाही. मग नांदेडला शिकणाऱ्या भाच्यानं मोबाइलवरून एक यंत्र मागवलं: लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, वर छोटा डबा आणि कानाला लावायची वायर.

यंदाच्या अंकाचा विषय 'शोध' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रयोगशाळा आणि दुर्बिणी होत्या. अर्धापूरच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं फोनवर या वाटीची गोष्ट सांगितली आणि मी तिकडं गेलो. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात अर्धापूर येतं. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं इथं आलं आणि दोन्ही बाजूंना केळी उभी राहिली. केळीच्या कडेनं हळद. जमीन काळी, भारी, ओली असताना पायाला चिकटून येणारी.

भाचा यंत्र घेऊन सरीत उतरला आणि पहिल्या पावलापासून ते ओरडायला लागलं. खिळा निघाला. मग गंजलेल्या तारेचा तुकडा, बैलाच्या पायातली झिजलेली पत्री, औषधाच्या गोळ्यांचं चंदेरी पाकीट. "सोनं कमी अन् भंगार जास्त," म्हणत सासूबाई बांधावर बसल्या. भाचाही कंटाळून बांधावर आला. यंत्र चालूच होतं. ते त्यानं निंदलेल्या गवताच्या ढिगाशेजारी टेकवलं, तसं ते एकदम बारीक, स्वच्छ आवाजात वाजलं. ढीग उपसला तेव्हा लव्हाळ्याच्या एका गड्ड्याला मातीचं ढेकूळ धरून बसलं होतं आणि त्या ढेकळात वाटी होती. बाईनं लव्हाळा उपटला तेव्हा वाटी मुळासकट बांधावर गेली होती. सगळे शोधत होते सरीत.

हरवलेली वस्तू शोधणाऱ्या अनुभवी माणसाचा पहिला प्रश्न "कुठं पडली?" असा नसतो. "पडल्यावर तिथून काय काय हललं?" असं तो विचारतो. हे मला पुढं गोदावरीच्या घाटावर फार नीट कळलं.

विलायतेत आणि अमेरिकेत असं यंत्र घेऊन बागांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून नाणी आणि अंगठ्या शोधत फिरणं हा हजारो लोकांचा छंद आहे. त्यांचे क्लब आहेत, मासिकं आहेत. मराठवाड्यात समुद्र नाही आणि असा क्लबही मला कुठं दिसला नाही. पण मातीतून, वाळूतून, राखेतून धातू शोधणारी माणसं आपल्याकडं पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांची यंत्रं वेगळी, इतकंच. त्यांच्यामागं फिरताना एक प्रश्न मोठा होत गेला: सापडतं, पण सापडल्यावर पुढं त्याचं होतं काय?

यंत्राला काय ऐकू येतं

चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की खालच्या जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला तर त्याच्या अंगात छोटे भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि धातू स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतो. ते उत्तर दुसरं वेटोळं टिपतं. उत्तर किती उशिरानं आलं यावरून धातूचा अंदाज बांधतात. तांबं आणि चांदी यांतून वीज सहज वाहते, त्यांचं जाड नाणं उशिरा उत्तर देतं. सोन्याची पातळ वाटी, बारीक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा कागद यांची उत्तरं जवळजवळ सारखी येतात. म्हणून ज्याला सोनं हवं आहे त्यानं आधी चंदेरी कचरा वेचायची तयारी ठेवावी. कचऱ्याचा आवाज बंद करणारी खुंटी फिरवली तर बारीक सोन्याचा आवाजही त्याबरोबर बंद होतो.

आपल्या जमिनीची अडचण आणखी निराळी. दख्खनचा बसाल्ट खडक झिजून ही काळी माती झाली आणि त्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज भरपूर आहे. रस्त्याकडेच्या धुळीतून लोहचुंबक ओढून पाहा, काळ्या कणांच्या मिशा घेऊन तो वर येतो. म्हणजे धातू नसतानाही जमीन बोलत असते. चांगल्या यंत्रात चकती वर-खाली करत आधी जमिनीचा आवाज वजा करावा लागतो. तेवढं करूनही नाणं वीतभर खोल असेल तर मिळतं, बारीक दागिना त्याहून वर असावा लागतो. "वीस फूट खालचा हंडा दाखवतं" असं सांगून यंत्र विकणारा माणूस खोटं बोलतो, हे इथंच लिहून ठेवतो. त्याच्याकडं पुढं पुन्हा यायचं आहे.

या तत्त्वाचा सगळ्यात प्रसिद्ध वापर फसला होता. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल आपलं उपकरण घेऊन गेले. अध्यक्ष ज्या गादीवर होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या आणि गोळीचा पत्ता काही लागला नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असं सुरुंगशोधक यंत्र बनवलं, ते एल अलामीनच्या वाळवंटात वापरलं गेलं. छंदाची यंत्रं त्याच कुळातली. अर्धापूरच्या सासूबाईंना मात्र ही जात ठाऊक होती ती पोलिसांच्या हातातल्या दांड्यावरून: "मिनिस्टर आला की लावतेत बघा अंगाला."

हिरा, नगीना आणि एक रुपया

नांदेडइतकं या विषयाशी बांधलेलं गाव महाराष्ट्रात दुसरं नसेल. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग इथं आले. बहादूरशहानं भेट दिलेला हिरा गुरूंनी गोदावरीत टाकला आणि रागावलेल्या बादशहाला नदीत पाहायला सांगितलं, तर तळाशी हिऱ्यांचा खच दिसला, अशी हीराघाटची परंपरा आहे. नगीनाघाटचीही कथा तशीच, तिथं रत्न एका बंजारा शिखानं दिलेलं. आणि माळटेकडी गुरुद्वाऱ्याबद्दल सांगतात की जमिनीतलं जुनं धन काढून गुरूंनी सैनिकांचा पगार वाटला आणि उरलेलं पुन्हा पुरून टाकलं. एकाच शहरात तीन गुरुद्वारे रत्नांच्या आणि पुरलेल्या धनाच्या आठवणीवर उभे आहेत, आणि तिन्ही कथांत धन मुठीत धरून ठेवायचं नाही असंच सांगितलेलं आहे.

घाटावर गेलो तर पोरं पाण्यात लोहचुंबक फेकत होती. जुन्या स्पीकरमागचा गोल चुंबक, त्याच्या भोकातून ओवलेली नायलॉनची दोरी. फेकायचा, बुडू द्यायचा, तळावरून सावकाश ओढत आणायचा. वर आला की त्याला चिकटलेलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात: रुपया, दोन रुपये, टाचण्या, खिळे, फोटोफ्रेमच्या पट्ट्या, घागऱ्यांचे हूक.

"सगळे पैसे येतात का?" मी विचारलं.

"नाही ना. एकचे अन् दोनचे येतेत. पाचचा पिवळा येत नाही," एक जण म्हणाला. "त्याला बुडी माराव लागती."

पोरानं धातुशास्त्र चोख सांगितलं होतं. आपला रुपया १९९२ पासून गंजरोधक पोलादाचा आहे. त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, म्हणून तो चुंबकाला धरतो. पाचचं पिवळं नाणं पितळेच्या जातीचं, ते धरत नाही. नवे पैसे १९५७ मध्ये आले, त्यातली पुढची पाच, दहा, वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी चुंबकाला धरत नाहीत. चांदी आणि सोन्याचं तर विचारायलाच नको. परदेशी यंत्राचीही इथंच गंमत होते. तिकडच्या नाण्यांवर बेतलेल्या यंत्राला "लोखंड सोडून दे" असं सांगितलं की ते आपला रुपयाही सोडून देतं. स्पीकरचा चुंबक आणि विलायती यंत्र या दोघांचं मिळून नदीचं एक पूर्ण चित्र होतं: एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही.

पोरांच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी गुडघ्याएवढं होतं, एक वयस्क गृहस्थ पाटी आणि चाळणी घेऊन काम करत होते. ते चुंबक वापरत नाहीत. घाटाच्या पायरीखाली, जुन्या दगडांच्या मागं, जिथं पाण्याचा वेग मोडतो तिथलीच रेती ते उचलतात. मधल्या धारेतल्या स्वच्छ वाळूला हात लावत नाहीत.

"पाणी हलकं नेतं, जड ठेवतं," ते म्हणाले. "पूर आला की समदं हालतं. पण जड जे हाय ते धोंड्याच्या आडच बसतं."

वाळूचा कण पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, चांदी साडेदहा पट, शुद्ध सोनं एकोणीस पटींहून अधिक. त्यामुळं पुरात वाळू गावोगाव फिरते, अंगठी फार लांब जात नाही. गेली तरी खालच्या गोट्यांच्या थरात किंवा खडकाच्या खाचेत अडकते. वरती विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की हे गृहस्थ घरी बसतात. पाणी उतरल्यावर पहिले काही दिवस त्यांच्या कमाईचे. पुरानं वरची वाळू नेलेली असते आणि तळ उघडा पडलेला असतो. ते पाटीत रेती घेऊन गोल फिरवायला लागले तेव्हा मी जवळ जाऊन बसलो. पाटी किंचित पुढं कललेली, मनगटातून हलका हिसका, प्रत्येक फेऱ्याला पुढच्या कडेवरून थोडी वाळू पाण्यात जाणार. वाळू कमी होत गेली तसा रंग काळा होत गेला. हे काळे कण म्हणजे तेच मॅग्नेटाइट, वाळूपेक्षा जड म्हणून मागं उरतं. त्या काळ्या रेषेच्या मागं, अगदी शेवटी, दोन मणी आणि जोडव्याचा तुटका तुकडा होता. जोडवं त्यांनी दातानं चावून पाहिलं. "चांदी हाय."

ही कमाई कुठून येते हे सांगायला हवं. नवसाचे पैसे, स्नान करताना निसटलेले दागिने हे आहेच. पण मृताच्या तोंडात सोन्याचा मणी किंवा बारीक तुकडा ठेवायची आपल्याकडं रीत आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीत सोडतात, त्या राखेबरोबर तो मणीही जातो. घाटाकाठी राख धुणारी माणसं असतात, ती यासाठीच. त्यांच्याकडं नाक मुरडून पाहणारे पुष्कळ भेटले. मला ते पटलं नाही. नातेवाइकांनी नदीला दिलेलं नदीतून कुणी गरिबानं उचललं, यात मृताचा अपमान कसला?

घाटावरच्या या लोकांच्या पोटावर खरा पाय आणलाय वाळूउपशानं. तराफे, सक्शन पंप आणि हायवा यांनी पात्रातली वाळू जिथं उचलली तिथं तिच्याबरोबर तिच्यातलं सगळंच गेलं. कुठल्या तरी स्लॅबमध्ये, कुठल्या तरी कॉलनीच्या भिंतीत गोदावरीतल्या जुन्या नाण्यांचे थर आज काँक्रीट होऊन बसले असतील. चाळणीवाला नदीचा तळ ओंजळीनं तपासतो, पंप तो एका रात्रीत नेतो.

सराफ्यातली माती

सोनार काम करतो तेव्हा कानशीचा कीस उडतो. तो अंगावर, पायाखाली, झाडूला, हात धुतलेल्या पाण्यात जातो. म्हणून सराफ्यातली धूळ फुकट नसते. दुकानाच्या आतला कचरा सोनार स्वतः वर्षभर साठवून विकतो. बाहेरच्या गटाराचा गाळ पहाटे उपसला जातो. हे काम पिढीजात करणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात, नांदेडच्या उर्दू वळणाच्या बोलीत न्यारिया.

काम घाटावरच्यासारखंच सुरू होतं: गाळ धुवायचा, हलकं वाहू द्यायचं, जड ठेवायचं. खरं कसब पुढचं. काळा, जड साका उरला की त्यातून चुंबक फिरवून लोखंड काढतात. मग पारा घालून मळतात, कारण पारा सोन्याचांदीचे कण आपल्यात ओढून घेतो आणि मातीला सोडून देतो. पारा तापवून उडवला की खाली मिश्र धातू राहतो. तो मुशीत टाकणखार घालून वितळवतात. शेवटी तेजाब: चांदी आणि तांबं त्यात विरघळतं, सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन बसतं.

एका झारेकऱ्याच्या खोलीत पारा तापवायची जागा पाहिली. धुराडं नव्हतं, खिडकी अर्धी पोत्यानं झाकलेली. पाऱ्याची वाफ फुप्फुसातून रक्तात जाते, हात कापायला लागतात, स्मरण जातं. भुकटीची किंमत रोजच्या भावानं होते, त्या वाफेची कुणीच करत नाही. बोलता बोलता तो माणूस एक गोष्ट सहज बोलून गेला: गाळात कधी कधी जुनं नाणं येतं, पण "शिक्का बघत बसत नाही, मुशीत टाकतो." अशा किती मुशींत किती राजे वितळले असतील कोण जाणे!

पायाळू, नागोबा आणि सरकणारा हंडा

मराठवाड्यात जमिनीतल्या धनाविषयी बोलायला बसलं की यंत्राच्या आधी पायाळू येतो. पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं, त्याच्या डोळ्यांत अंजन घालून रानात न्यायचं, धनावर नागोबा बसलेला असतो, हंडा जमिनीखालून सरकत असतो. लहानपणी हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ऐकण्यापुरतं ते ठीकच, पण त्याच्या नावाखाली अघोरी प्रकार होतात. रात्री खड्डे, लिंबू, कोंबडं, आणि त्याही पुढं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षं ज्यासाठी झुंज दिली तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी करणी-भानामतीच्या नावानं केलेली अमानुष कृत्यं त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेली आहेत.

आता बाबाच्या जोडीला यंत्र आलंय. दोन तारांच्या अँटेना, लुकलुकणारा दिवा, "सोनं", "चांदी", "पाणी" अशी बटणं. याच्या पोटात वेटोळं नसतं, काहीच नसतं. हातातल्या नकळत हालचालीनं तारा वळतात आणि त्या वळल्या तिथं खणायचं. याला फक्त खेडवळ माणूस फसतो असं कुणी समजू नये. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावर बेतलेलं असंच पोकळ उपकरण 'एडीई ६५१' या नावानं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून उभे असायचे. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. माझ्या लेखी खरं यंत्र ओळखायची खूण साधी आहे: ते खिळ्यावरही वाजतं. जे फक्त सोन्यावरच वाजतं म्हणतात, ते विकत घेऊ नका.

पुरलेलं धन मात्र खरं आहे. बँका नव्हत्या तेव्हा घर हीच बँक होती. मराठवाड्यातल्या वाड्यांच्या जाड भिंतीत धान्याची बळदं असत, जमिनीत पेवं असत, आणि कुठल्या तरी कोनाड्यामागं गाडगं. १९४८ च्या रझाकारांच्या धामधुमीत किती तरी कुटुंबांनी दागिने पुरून उमरखेड-वाशीमकडं निजामाची हद्द ओलांडली, हे इथं घरोघरी ऐकायला मिळतं. परत आल्यावर कुणाला जागा सापडली, कुणाला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्याच जाड दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. सुमारे आठ हजार माणसं गेली. माणसं काढून झाल्यावर वाचलेले लोक आपापल्या घराच्या ढिगाऱ्यावर बसून माती उकरत होते. भिंतीत कुठं काय ठेवलंय हे बऱ्याच घरांत एकाच माणसाला ठाऊक असे आणि तो माणूस राहिला नव्हता.

सापडलं तर सांगायचं कुणाला?

या बाबतीतला देशातला मूळ कायदा १८७८ चा. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतो, चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो आणि हक्क सांगणाऱ्यांना बोलावतो. मालक निघाला नाही आणि जागामालकाशी वाद नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा देऊन घ्यायची. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद.

वाचायला हा कायदा बराच न्यायाचा वाटतो. त्यात एक शंभर वर्षांची रेघही आहे: शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलेलं असेल आणि त्याचे वारस पुढं आले तर त्यांना दिवाणी दाव्यानं हक्क सिद्ध करता येतो. ही रेघ लावली तर १९४८ मध्ये आजोबांनी पुरलेल्या गाडग्यावर नातवाचा हक्क २०४८ पर्यंत जिवंत आहे. हे अर्धापुरात ज्यांना सांगितलं त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की सांगितलं तर पोलीस येतात, शेत खणतात आणि हाती काही राहत नाही.

म्हणून काय होतं ते २०२१ मध्ये पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत दिसलं. बांधकामाच्या मातीत मजुरांना सोन्याची २१६ नाणी मिळाली, उत्तर मुघल काळातली. त्यांनी ती घरी ठेवली. पोलिसांना सुगावा लागला आणि नाणी जप्त होऊन पुरातत्त्व विभागाकडं गेली. सुदैवानं ती मुशीत जाण्याआधी सापडली. गाजत नाहीत अशा सापडण्यांचा शेवट सराफ्यात होतो.

इंग्लंडमध्येही एके काळी हीच लपवाछपवी होती. १९९६ चा नवा कायदा आणि पाठोपाठ गावोगाव सापडलेलं नोंदवून घेणारे अधिकारी आले, तशी माणसं आपण होऊन यायला लागली. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात यंत्रवाल्या एका छंदिष्टाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा लागला. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती सापडणारा आणि शेतकरी यांच्यात वाटली गेली. आपल्याकडंही बक्षिसाची तरतूद आहे. नाही तो दारात येऊन वस्तू पाहणारा माणूस.

यंत्र घेऊन गढ्यांवर आणि जुन्या देवळांच्या आवारात फिरायला मात्र माझा साफ विरोध आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. नाणं उपटून काढलं की ते कोणत्या थरात होतं, शेजारी कोणतं खापर होतं, राख होती की हाडं, हे सगळं कायमचं पुसलं जातं.

तेरचे लामतुरे

असा दारात येणारा, किंवा ज्याच्या दारात जाता येईल असा माणूस मराठवाड्यात होऊन गेलाय. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीनं आलेलं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. तेरणेकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मणी, नाणी, मृण्मूर्ती वर येतात. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर त्या जमवल्या, जपल्या आणि शेवटी सरकारला दिल्या. त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरमध्ये आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना पाँपेईच्या राखेतून १९३८ मध्ये निघालेल्या तशाच मूर्तीची आठवण अभ्यासकांना येते. पैठणला बाळासाहेब पाटील यांनी हेच केलं, त्यांच्याही नावाचं संग्रहालय उभं आहे. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, त्याआधीपासून लामतुऱ्यांनी गावाला एक सवय लावली होती: सापडलं की दाखवायचं.

सापडलेला धातू दाखवला गेला की काय होतं, याचे पुरावे आपल्या आसपासचेच आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला, दारणा-गोदावरीच्या संगमावर, चांदीची सव्वातेरा हजार नाणी निघाली. क्षत्रप राजा नहपानाची ती नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला. जिंकणं इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं दुसरीकडं क्वचितच दिसेल. १९३९ मध्ये आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची दीड हजारांवर नाणी मिळाली. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले राजे पुढं आले. वाशीमलाच मिळालेल्या ताम्रपटांनी तर वाकाटकांची वत्सगुल्म ही अख्खी शाखा उजेडात आणली. त्याच ताम्रपटात नंदीकट येतं, म्हणजे आपलं नांदेड. ते पत्रे कुणी तांब्याच्या भावानं विकले असते तर?

अर्धापूरलाही इतिहास कमी नाही. केशवराजाची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे, इथल्या शिलालेखातून रट्ट घराण्याचा पत्ता लागला. आणि घरोघरी किरकोळ सापडणं चालू असतं. माळवदाची जुनी घरं पाडून स्लॅबची होतायत. माळवदावर घालायची पांढरी माती पूर्वी गढीवरून, जुन्या वस्तीच्या टेकाडावरून आणत, त्यामुळं छत उतरवताना मणी आणि पैसे पडतात. एका घरात मला डब्यातून काढून दाखवले: चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे हाली शिक्के, एक राणीछाप कलदार, आणि एक तांब्याचा जाड, ओबडधोबड तुकडा ज्यावरची अक्षरं झिजलेली. हाली भिंतीतल्या गाडग्यात होते. तांब्याचा तुकडा छताच्या मातीत. घरातल्या आजींना हा फरक पक्का आठवत होता. हाली सासऱ्यानं ठेवलेले, "अन् हे तुकडं मातीसंगं आलं, ते आमचं नव्हं."

अशा वस्तू कुणाला दाखवता, असं गावात विचारत गेलो तर शाळेतल्या इतिहासाच्या सरांचं नाव निघालं. सर वस्तू घेत नाहीत, ठेवत नाहीत, किंमत सांगत नाहीत. सोनं असेल तर "तहसीलला जा, मी बरोबर येतो" म्हणतात, आणि जातात. त्यांच्याकडं एक लांबट वही आहे, किराणा दुकानाच्या उधारीची असते तशी, उभे रकाने आखलेली. गट नंबर. किती खोल. माती काळी, पांढरी की राखेची. कुणाला सापडलं, हा रकाना त्यांनी मुद्दाम ठेवलेला नाही. लोक त्यामुळंच येतात, असं ते म्हणाले. सगळ्यात रुंद रकाना शेवटचा: 'सोबत काय होतं'. आजींचा तांब्याचा तुकडा त्यांनी माझ्यासमोरच लिहून घेतला आणि माळवदाची माती कुठल्या टेकाडावरून आणली होती हे विचारायला आजींना फोन लावला.